गाडी तापली की बंद पडते, सेन्सर नेमका कोणता गेलाय? (एफआय, बीएस सिक्स)

तापीकाठ_चोपडा

राम राम मंडळी. गाडी म्हणजे बाइक, १६० सीसी, एफआय (कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्टरने फवारलं जातं), २०२१ ची बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नियमांची). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे लोक "ती घेतलीच कशाला" यावरच भांडत बसतील.

रोजचं चोपडा ते जळगाव जाणं-येणं आहे. सकाळी जाताना गाडी एकदम मक्खन, काही म्हणजे काही नाही. दुपारी दोन-तीनला परत निघालं की विदगावचा पूल ओलांडेपर्यंत ठीक, मग पुढे धानोऱ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी पहिले हलकी मिसिंग, दोन-चार झटके, आणि आरपीएमची पट्टी चालत्या गाडीत एकदम झिरो होते नि गाडी बंद. सेल मारला तर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. सावलीत पंधरा-वीस मिनिटं उभी केली की जसं काही झालंच नव्हतं अशी चालू होते आणि घरापर्यंत येते. इंजिनचा पिवळा लाइट कधी लागतो कधी नाही, आणि लागला तरी पुढच्या वेळी चावी फिरवली की गायब.

गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलला, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, मग ऑक्सिजन सेन्सर बदलला, तो काही स्वस्त नव्हता. फरक शून्य. आता म्हणतो ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) गेला असेल, आणि त्याचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो. विहिरीच्या मोटरीच्या कामाला घेतलेला मल्टिमीटर घरी आहे, पाना-पेंचिस आहे, हात चालतो. ईसीएमवर पैसे घालायच्या आधी मी स्वतः काय काय तपासू शकतो? सध्या ऊन ४४ च्या खाली येतच नाहीये, म्हणून प्रॉब्लेम रोजचा झालाय.

भुसावळकर_भो

भो, ईसीएमला अजिबात हात लावू देऊ नको. ईसीएम जातो, नाही असं नाही, पण तो यादीत सगळ्यात शेवटी असतो, आणि गॅरेजात ज्याला काही सापडत नाही तो पहिले त्याचंच नाव घेतो.

तू लिहिलंय त्यात कामाची गोष्ट एकच आहे, बंद पडताना आरपीएमची पट्टी झिरो होते ती. गाडी गिअरमध्ये पळत असताना पेट्रोल तुटलं किंवा ठिणगी तुटली तरी चाक इंजिनला फिरवत राहतं, म्हणजे पट्टी गाडीच्या वेगासोबत हळूहळू खाली आली पाहिजे. ती धाडकन झिरो झाली म्हणजे इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाहीये. हे कळवायचं काम क्रँक पोझिशन सेन्सरचं, आपल्याकडं त्याला पिकअप कॉइल नाहीतर पल्सर कॉइल म्हणतात, मॅग्नेटच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) कव्हरच्या आत बसलेली असते. मॅग्नेटच्या बाहेरच्या बाजूला दाते असतात, दाता कॉइलसमोरून गेला की बारीकसा करंट तयार होतो, त्यावरून ईसीएम ठरवतो की ठिणगी कधी आणि पेट्रोल कधी. तो सिग्नल गेला की दोन्ही एकदम बंद.

कॉइलची तार केसासारखी बारीक असते. आतून कुठं तुटली असेल तर थंड असताना टोकं टेकलेली राहतात, तापून सगळं पसरलं की सुटतात, गार झालं की परत टेकतात. तुझी पंधरा-वीस मिनिटांची सावली म्हणजे हेच.

पुढच्या वेळी रस्त्यात बंद पडली की तिथंच तीन गोष्टी बघ. चावी ऑन केल्यावर टाकीतून फ्युएल पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो का. पिवळा लाइट काय करतो. आणि सेल मारताना आरपीएमची पट्टी थोडी तरी हलते का. मग इथं लिही.

शिरपूर_हायवे

मला नाही पटत. इतक्या सरळ पिकअप कॉइलवर जाऊ नका. माझ्या पाहण्यातली गाडी अगदी हीच लक्षणं, ऊन, वीस-पंचवीस किलोमीटर, बंद, थोड्या वेळाने चालू, आणि शेवटी निघालं काय तर टाकीची हवा. टाकीला हवा आत यायला वाट लागते, बीएस सिक्स गाड्यांना टाकीतली वाफ कॅनिस्टरला (वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याला) जाते त्या पाइपला मुरड पडली किंवा चिखलाने बुजला की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज येऊन लगेच चालू झाली तर सेन्सर-बिन्सर काही नाही. फुकटची टेस्ट आहे, आधी ती करा. शिवाय टाकी रिझर्व्हला आणून उन्हात चालवायची सवय असेल तर पंप तापतो, तो पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच गार राहतो.

आणि ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आल्यापासून हे सगळं वाढलंय हे माझं मत आहे.

भुसावळकर_भो

झाकणाची टेस्ट बरोबर आहे, कर म्हणा त्याला, मिनिटाचं काम आहे. पण टाकीत व्हॅक्यूम झाला तर गाडी आधी दमते, वर ओढत नाही, आणि पट्टी धाडकन झिरो होत नाही. ई-२० ने अॅव्हरेज थोडं कमी होतं ते मान्य, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा विषय पण आहे, पण पेट्रोलमुळे आरपीएम दिसायचा बंद होत नाही भो. प्रत्येक दुखण्याला ई-२० लावायची फॅशन झालीय.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक

माझं कामच हे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा आला तर तापीकाठ भाऊ तुम्ही तरी वाचा.

पहिले ऑक्सिजन सेन्सर. तो सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसतो आणि मिश्रण पातळ की जाड एवढंच ईसीएमला सांगतो. चालू स्थितीत त्याचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सारखा खालीवर होत असतो. तो पूर्ण मेला तरी ईसीएम त्याच्याकडं दुर्लक्ष करून आपल्या ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल देत राहतो. अॅव्हरेज पडेल, धूर वाढेल, लाइट लागेल, पण चालती गाडी रस्त्यात बंद पडणार नाही. म्हणजे तुमच्या तक्रारीवर तो सेन्सर बदलणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम. आणि त्याचा कोड (ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) आला तरी आधी सायलेन्सरच्या जॉइंटचं पॅकिंग बघायचं असतं, तिथून बाहेरची हवा ओढली गेली की चांगला सेन्सरही मिश्रण पातळ आहे असंच सांगतो.

आता मल्टिमीटर. सुरुवात बॅटरीपासून, सेन्सरपासून नाही. इंजिन बंद, रात्रभर उभी गाडी, १२.६ च्या आसपास पाहिजे. सेल मारताना १० च्या खाली जायला नको. इंजिन चालू करून आरपीएम वाढवला की १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. हे बसत नसेल तर पुढचं काहीही मोजू नका, कारण व्होल्टेज पडला की ईसीएम भलतेच कोड दाखवतो आणि माणूस सेन्सर बदलत सुटतो. त्यानंतर बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बॉडीपर्यंतचं अर्थिंग, नट उघडून, घासून, परत घट्ट. आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल जिथं जिथं बसतो तिथं नट आतून गंजतात, वरून दिसत नाही.

टीपीएस, म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर. ईसीएम त्याला ५ व्होल्ट देतो, सिग्नलच्या वायरवर अॅक्सिलेटर सोडलेला असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेचारच्या आसपास यायला पाहिजे. चावी ऑन, इंजिन बंद, अगदी हळू पिळत जायचं आणि आकडा कुठं उडी मारतो का ते बघायचं. याला जुना काट्याचा मीटर असेल तर जास्त बरा, डिजिटलमध्ये बारीक उडी निसटते.

इंजिन टेम्परेचरचा सेन्सर, हा तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. इथं आपल्याकडचे लोक फसतात. मॅन्युअलमध्ये आकडा २० डिग्रीचा दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांना दोन-अडीच किलोओहम. मे महिन्यात आपल्या अंगणात सावलीत उभी गाडीसुद्धा ४० ला असते, तिथं तोच सेन्सर साधारण एक-सव्वा किलोओहम दाखवेल आणि तो चांगला आहे. मॅन्युअलशी जुळत नाही म्हणून फेकू नका. पहाटे मोजा.

आता तुमचा संशयित. पिकअप कॉइलचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) शोधा, मॅग्नेट कव्हरमधून जी वायर वर येते ती टाकीखाली किंवा सीटखाली कुठंतरी कपलरला जाते. स्टेटरच्या (चार्जिंगच्या कॉइलच्या) जाड वायरी वेगळ्या, पिकअपच्या दोन बारीक. चावी बंद करून कपलर काढा, कॉइलच्या बाजूने दोन पिनांमध्ये ओहम मोजा. गाडीगणिक आकडा वेगळा, शंभरपासून काही शेपर्यंत, आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलचाच धरा. मग प्रत्येक पिन ते इंजिन बॉडी मोजा, बऱ्याच गाड्यांत तिथं काही दाखवायला नको. ज्यांच्यात एक वायर आतून अर्थ केलेली असते त्यांचं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. नंतर एसी व्होल्टवर लावून सेल मारा, आकडा थोडा तरी हलला पाहिजे. हे सगळं थंड असताना बरोबर येणारच, तेव्हा गाडी चालतेच आहे. खरी मोजणी बंद पडली त्या क्षणाची. मीटर डिकीत नाहीतर बॅगेत ठेवा.

दोन गोष्टी करू नका. चावी ऑन असताना सेन्सरचे कपलर काढू-लावू नका. आणि मीटरचे जाड टोक कपलरच्या समोरून आत खुपसू नका, आतली पट्टी फाकते आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट तुम्ही तयार करता. मागून, वायरच्या बाजूने, टाचणी सरकवून मोजा.

अमळनेरना_भाऊ

इतलं बठ्ठं वाचीसन मन्हं डोकंच तपी गयं भो 😄

माझं साधं सांगणं. सेन्सर मोजायच्या आधी वायरी बघा. इंजिन चालू ठेवा जागेवर, हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं. मग टाकीखालची वायरिंग हाताने हलवा, कपलर हलवा, किल स्विच, चावीचा स्विच, साइड स्टँडचा स्विच हलवा. कुठंही इंजिन अडखळलं की जागा सापडली. आमच्या शेतातल्या खोलीत गाडी लावायचो तर उंदरांनी वायरिंग कुरतडून ठेवली होती, आणि लाइट लागला होता टेम्परेचर सेन्सरचा. सेन्सर बिचारा चांगला. वायर जोडली, टेप मारली, अजून चालतेय.

आणि सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशरने इंजिन मारत असतील तर त्यांना सांगा कपलरवर पाणी मारू नका म्हणून. ऐकत नाहीत ते वेगळं.

सातपुडा_नंदुरबार

कोड कोणी काढला का? की गॅरेजवाल्याने अंदाजेच ऑक्सिजन सेन्सर बसवला?

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स गाड्यांना ईसीएममध्ये फॉल्ट साठवायची सोय आहेच, लाइट विझला तरी नोंद राहते. कंपनीच्या स्कॅनरने दोन मिनिटांत निघते. स्कॅनर नसेल तर काही गाड्या लाइटच्या उघडझापीने कोड सांगतात. उदाहरणार्थ होंडाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये सर्व्हिस कपलरच्या ठरलेल्या दोन पिना जोडून चावी ऑन केली की लाइट लुकलुकतो, लांब एक म्हणजे १० आणि छोटा एक म्हणजे १. सात छोटे आले की टेम्परेचर, आठ आले की थ्रॉटल, दोन लांब आणि एक छोटा म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सर. बाकी कंपन्यांचं वेगळं असतं, आपल्या गाडीचं बघूनच पिना जोडायच्या, अंदाजाने वायर घालून ईसीएम खरंच उडवू नका.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलचं म्हणाल तर गाडीच्या सहा पिनांच्या कपलरला वेगळी केबल लागते आणि तरीही सगळ्या गाड्यांशी ते बोलत नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या, म्हणजे ओबीडी-टू (बिघाड ओळखायची पुढची पद्धत) वाल्या गाड्यांना चालायची शक्यता जास्त. तुमची २०२१ ची, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी कोणाचं तरी मागून लावून बघा.

अजून एक, पिकअप कॉइल गेली तर बऱ्याचदा कोड येतच नाही. सिग्नल नाही म्हटल्यावर ईसीएमला वाटतं इंजिन बंदच आहे, मग तो कशाला तक्रार करेल. म्हणून "स्कॅनरला काही दिसलं नाही, म्हणजे ईसीएम गेला" हे लॉजिक चुकीचं आहे. आणि कोड आला तरी तो सर्किटचा असतो, सेन्सर, वायर, कपलर, तिन्हींपैकी काहीही असू शकतं.

तापीकाठ_चोपडा

सगळ्यांचे आभार, खरंच. कोड कोणीच काढला नव्हता, विचारलं तर गॅरेजवाला म्हणाला स्कॅनर बिघडलाय.

तर रिपोर्ट असा. बॅटरी १२.५, चालू गाडीत १४.१. अर्थिंगचा नट उघडून घासला, फार काही खराब नव्हता. उंदीर नाहीत, हँडल फिरवून काही फरक पडला नाही. मग काल दुपारी मीटर घेऊनच निघालो, येताना अडावदच्या अलीकडं बंद पडली एकदाची, आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला. टाकीचं झाकण उघडलं, फुस्स वगैरे काही नाही. पंपाचा आवाज नेहमीसारखा. सेल मारला, आरपीएमची पट्टी मेल्यासारखी, शून्य. सीट काढून पिकअपचा कपलर काढला आणि ओहम मोजले तर मीटर काहीच दाखवेना, ओपन. घरी थंड असताना याच दोन पिनांवर मॅन्युअलच्या रेंजमधला आकडा आला होता.

मला वाटलं झालं, कॉइल गेली. पण अमळनेरच्या भाऊंचं डोक्यात होतं म्हणून मीटर लावलेला ठेवून वायर वरून खाली हलवत गेलो. मॅग्नेट कव्हरमधून वायर जिथून बाहेर येते तिथं रबराचा बूच आहे, त्याच्या अगदी बाहेर, बोटाच्या पेरभर अंतरावर, वायर जरा दाबली की आकडा येतो, सोडली की जातो. वरून इन्सुलेशन ठीक दिसतं, फक्त तिथं वायर जरा जास्तच मऊ लागते, बाकीच्या वायरसारखा आतून ताठपणा नाही. आता सांगा, ही जोडायची की पूर्ण कॉइल बदलायची? आमच्याकडं पिकअप वेगळी मिळत नाही म्हणतात, स्टेटरसकट प्लेट घ्यावी लागते.

भुसावळकर_भो

वा भो. कॉइल चांगली, वायर तुटलेली. माझा अंदाज वायरच्या जवळून गेला म्हणायचा.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक

मस्त शोधलंत. तांब्याचे धागे आतून तुटलेत, इंजिनच्या थरथरीने तिथंच वाकत राहिले असणार. उन्हाने आणि इंजिनच्या गरमीने इन्सुलेशन सैल पडलं की टोकं लांब जातात.

बुचाच्या बाहेर आहे ना, मग जोडा. पण नुसता पीळ देऊन टेप मारू नका, तो टेप जूनपर्यंत पण टिकणार नाही. खराब भाग कापून टाका, दोन्हीकडं चमकदार तांबं लागेपर्यंत मागं या, आत काळं पडलं असेल तर अजून थोडं मागं. वायर कमी पडली तर गॅरेजमधल्या जुन्या वायरिंगमधला तुकडा जोडा, घरातल्या फिटिंगची कडक वायर नको. आधी हीट श्रिंक स्लीव्ह वायरमध्ये ओवून ठेवा, मग चांगली डाख मारा, स्लीव्ह सरकवून लायटरने नको, गरम हवेनेच आवळा. दोन्ही वायरींचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, थोडे पुढं-मागं ठेवा. आणि वायरींची अदलाबदल झाली तर सिग्नल उलटा जातो, टायमिंग गंडतं, रंग बघून जोडा.

वायरला थोडा सैलपणा ठेवून फ्रेमला टाय लावा म्हणजे वाकायचं बुचाजवळ होणार नाही. जोड बुचाच्या आत गेला असता तर मी प्लेटच बदला म्हटलं असतं, कारण बऱ्याच इंजिनांत आत ऑइल उडतं, तिथं बाहेरचा जोड टिकत नाही, कव्हर उघडायचं म्हणजे पॅकिंगही नवीन लागतं.

शिरपूर_हायवे

ठीक आहे, झाकणाची नव्हती. पण टेस्ट फुकट होती की नाही 🙂

तापीकाठ_चोपडा

फुकट होती दादा, मान्य. डाख मारून झाली, चोपड्यात एक टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडून बारीक टोकाच्या सोल्डरिंगने करून घेतली. आज दुपारी पूर्ण रस्ता न थांबता आलो. वायर गरम असताना घरी परत मोजली, आकडा जागेवर. जुना ऑक्सिजन सेन्सर गॅरेजवाल्याकडून मागून आणलाय, तो चांगला असेल तर सुटा ठेवू का?

सातपुडा_नंदुरबार

ठेवा, त्याच्या टोकाला ऑइल-ग्रीस लागू देऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. आणि कोणाकडं तरी स्कॅनर लावून जुने कोड पुसून घ्या, म्हणजे पुढं काही आलं तर ते नवीन आहे हे कळेल.

यावल_स्कूटर

माझी स्कूटर पण गरम झाली की बंद पडते, १२५ ची आहे, माझी पण पिकअप वायरच असेल का?

भुसावळकर_भो

तू वेगळा धागा काढ भो, आणि बंद पडताना पंपाचा आवाज येतो का ते आधी ऐकून ये.